दूर समुद्रातल्या बेटांचे जीव: बडोदेकरांचे नेहमीचे प्रश्न

बेटांविषयीच्या माझ्या स्लाइड शोनंतर दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग इथली मराठी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. कुठूनही वाचा. फक्त पहिलं उत्तर सोडू नका, पुढचं बरंचसं त्याच्यावर उभं आहे.

महासागरी बेट म्हणजे काय? सगळीच बेटं समुद्रात असतात ना?

असतात, पण सगळ्यांचा जन्म सारखा नसतो. काही बेटं म्हणजे खंडाचाच तुकडा. समुद्र वर चढला, मधला सखल भाग बुडाला आणि उरलेली उंच जमीन बेट झाली. श्रीलंका अशीच. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली होती, तेव्हा भारतातून तिथे पायी जाता येत होतं. म्हणून तिथे हत्ती आहेत, बिबटे आहेत, आपल्याकडचे नागही आहेत.

महासागरी बेट कधीच कुठल्या खंडाला जोडलेलं नव्हतं. समुद्रतळावर ज्वालामुखी साचत साचत पाण्याबाहेर आला, किंवा अशा खचलेल्या ज्वालामुखीच्या डोक्यावर पोवळ्यांनी बांधकाम केलं, की असं बेट तयार होतं. हवाई, गॅलापागोस, मॉरिशस, रियुनियन, सेंट हेलेना, ट्रिस्टन दा कुन्हा ही सगळी या जातीची. पाण्याबाहेर आली तेव्हा त्यांच्यावर एक मुंगीसुद्धा नव्हती. आज तिथे जे काही आहे ते उडत, तरंगत, वाऱ्यावर, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या पिसांत किंवा पोटात बसून आलेलं आहे.

त्यामुळे अशा बेटाबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो "इथे कोण पोचलंच नाही?" हा. हवाईपासून सगळ्यात जवळचा खंड साडेतीन हजार किलोमीटरहून लांब आहे. तिथे माणसाआधी सस्तन प्राणी म्हणजे वटवाघळं आणि सील एवढेच. उंदीर नाही, मांजर नाही, साप नाही, डास नाही. तिथलं सगळं जीवन या "नाही"वर बेतलेलं आहे.

जामनगरजवळचं पिरोटन यात बसतं का?

नाही. पोवळी आहेत म्हणून गोंधळ होतो, पण ते कच्छच्या आखातातलं किनाऱ्यालगतचं बेट आहे. मुंबईच्या घारापुरीचंही तेच. दोन्ही जरूर बघा, पण विषय वेगळा.

मग भारताकडे अशी बेटं आहेतच का?

आहेत. लक्षद्वीपची कंकणद्वीपं, म्हणजे पोवळ्यांची कड्यासारखी बेटं, केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते सव्वाचारशे किलोमीटर आत आहेत. अंदमानच्या पूर्वेला बॅरन आणि नारकोंडम ही दोन ज्वालामुखी बेटं आहेत. बॅरन अजून धुमसतं. नारकोंडम शांत झालं, त्याच्यावर दाट जंगल वाढलं आणि त्या जंगलात नारकोंडमचा धनेश राहतो. बेट सात चौरस किलोमीटरपेक्षाही लहान, आणि हा पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नाही. संख्या काही शेच्या घरात. एक रोग किंवा एक मोठं वादळ, आणि अख्खी जात संपू शकते. अंदमानची मोठी बेटं म्हणजे दुमडून वर आलेल्या डोंगररांगेचे माथे. त्यांची कथा निराळी.

तुम्ही म्हणालात की पावागड आणि मॉरिशसचं नातं आहे. ते कसं?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण पावागड सगळ्यांनी चढलेला असतो.

पुढच्या वेळी रोपवेने जाऊ नका. पायऱ्यांनी चढताना कडेचा दगड बघत चला. खाली आणि मध्ये बराचसा काळा बेसॉल्ट लागतो, सह्याद्रीत असतो तोच. माथ्याकडे जाता जाता फिकट रंगाचा रायोलाइट दिसू लागतो. दोन्ही लाव्हारसच, घटक वेगळे. हा सगळा दख्खनच्या लाव्हाप्रदेशाचा भाग, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि वेगाने उत्तरेकडे सरकत होता. वाटेत तो पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून गेला. भूशास्त्रज्ञ तिला रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात. ही जागा जवळपास स्थिर, वरचं कवच मात्र सरकतं. उदबत्ती एका जागी धरून वरून कागद सरकवत नेला तर डागांची रांग उमटते, तसंच. पहिला आणि सगळ्यात मोठा डाग दख्खनचा. मग लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग. त्यानंतर मॉरिशस, ज्याचे सगळ्यात जुने खडक ऐंशी-नव्वद लाख वर्षांचे आहेत. शेवटी रियुनियन, जिथला पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर उसळतो.

म्हणजे महाकालीच्या देवळाखालचा कातळ आणि रियुनियनवर परवा थिजलेला लाव्हा एकाच चुलीतून आलेत, मध्ये सहा कोटी वर्षं गेली एवढंच.

लक्षद्वीपवर तर डोंगर दिसत नाही. ज्वालामुखी गेला कुठे?

खाली. ज्वालामुखी थंड झाला की स्वतःच्या वजनाने खचत जातो. भोवतीची पोवळी मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतात. शेवटी डोंगर बुडतो आणि पोवळ्यांचं कडं उरतं. ही कल्पना डार्विनची. 1952 साली पॅसिफिकमधल्या एनेवेटाक कंकणद्वीपावर भोक पाडून पाहिलं, तेव्हा सुमारे 1400 मीटर चुनखडीच्या खाली ज्वालामुखीचा खडक लागला. म्हातारा बरोबर होता.

जीव तिथपर्यंत पोचतात तरी कसे?

कोळी पोचतात वाऱ्यावर. 1883च्या ऑगस्टमध्ये क्राकाताऊ बेट स्फोटात उडालं आणि उरलेला भाग गरम राखेखाली गाडला गेला. नऊ महिन्यांनी शास्त्रज्ञ तिथे उतरले. त्यांना जिवंत असं एकच काही सापडलं: बारीकसा एक कोळी, आणि तोही जाळं विणत होता. कोळ्याची पिल्लं रेशमाचा धागा हवेत सोडतात आणि त्याच्या आधाराने शेकडो किलोमीटर उडतात. त्या बिचाऱ्याला पकडायला माशी कधी मिळाली, देव जाणे.

बिया पोचतात पाण्यातून. डार्विनने घरीच खारं पाणी करून 87 प्रकारच्या बिया त्यात भिजत घातल्या. 28 दिवसांनी त्यातल्या 64 रुजल्या. पक्ष्यांच्या पायांना लागलेला चिखल, पिसांना चिकटणारी काटेरी फळं, पोटातून उतरणाऱ्या बिया हे आणखी मार्ग.

सरडे आणि त्यांचे मोठे भाऊबंद पोचतात ओंडक्यांवरून. हे बरीच वर्षं नुसतं अनुमान होतं. 1995 साली कॅरिबियनमध्ये दोन चक्रीवादळं गेली आणि काही आठवड्यांनी अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला उन्मळलेल्या झाडांचा एक भला मोठा गुंता लागला. त्याच्यावर हिरवे इग्वाना होते, निदान पंधरा. त्या बेटावर ही जात आधी नव्हती. कोळ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. मासेमारी करणाऱ्या कोळ्यांनी, मघाच्या नव्हे.

आणि काही पोचतात आपल्या पोटातून. आइसलंडजवळ 14 नोव्हेंबर 1963 रोजी सर्टसी नावाचं नवं बेट समुद्रातून वर आलं. कोण कसं येतं ते बघायचं म्हणून शास्त्रज्ञांशिवाय कुणालाही तिथे उतरू देत नाहीत. एकदा तिथे टोमॅटोचं रोप उगवलेलं दिसलं. बारकाईने तपास केल्यावर कळलं की कुणा पाहुण्याला निसर्गाची हाक आवरली नव्हती. रोप ताबडतोब उपटलं.

मांडवीत गांधीच्या, म्हणजे जडीबुटीच्या, दुकानात मिळतो तो दरियाई नारळ असाच वाहत येतो ना?

वाहत येत होता, पण रुजायला नव्हे. साधूंचा कमंडलू ज्या दुहेरी करवंटीचा असतो तोच हा. मालदीवच्या किनाऱ्याला रिकामी करवंटी लागायची, झाड कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून ते समुद्राच्या तळाशी असतं अशी समजूत होती. 1768 साली फ्रेंच मंडळींना सेशेल्समध्ये झाड सापडलं. हे जगातलं सगळ्यात मोठं बी. फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात. ताजं फळ इतकं जड असतं की पाण्यात टाकताच बुडतं. आतला गर कुजून पोकळ झाल्यावर ते तरंगतं, आणि तेव्हा ते रुजण्याच्या कामाचं राहिलेलं नसतं. त्यामुळे हे झाड सेशेल्सची दोन बेटं सोडून नैसर्गिकरीत्या कुठेही गेलं नाही. साधा नारळ मात्र खरा दर्यावर्दी.

विश्वामित्रीतल्या मगरी पोहत जातील का कुठल्या बेटावर?

पावसाळ्यात त्या सयाजीगंजच्या सोसायट्यांत येतात म्हणून हा प्रश्न. नाही जाणार. आपली मगर गोड्या पाण्याची. खाऱ्या पाण्यातली मगर वेगळी, ती खुशाल समुद्र ओलांडते. सेशेल्सवर ती होती. वसाहती झाल्यावर माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती मारून संपवली.

बेटांवर बेडूक का नसतात?

बेडकाची कातडी पातळ, अंडी उघडी. खारं पाणी दोन्हींचा जीव घेतं. डार्विनने हे हेरलं होतं: महासागरी बेटांवर बेडकांना राहायला जागा उत्तम आहे, कारण माणसाने नेऊन सोडले की ते झपाट्याने वाढतात, तरी मुळात ते तिथे नव्हते. म्हणजे अडचण राहण्याची नव्हती, पोचण्याची होती.

सेशेल्सला मात्र स्वतःचे बेडूक आहेत. तेच त्यांचं जन्मप्रमाणपत्र. सेशेल्सची मुख्य बेटं ग्रॅनाइटची आहेत, भारतापासून तुटून मागे राहिलेला भूखंडाचा तुकडा. ही फाटाफूट दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमाराची. 2003 साली केरळच्या सह्याद्रीत एक जांभळा, फुगीर, डुकरासारख्या नाकाचा बेडूक शास्त्राला नव्याने कळला. वर्षभर तो जमिनीखाली असतो, पावसाच्या सुरुवातीला काही दिवस वर येतो. त्याचे सगळ्यात जवळचे जिवंत नातेवाईक सेशेल्समध्ये निघाले. स्थानिक आदिवासींना तो आधीपासून ठाऊक होता, हेही सांगायला हवं.

पक्षी उडणं का विसरतात?

विसरत नाहीत, परवडत नाही म्हणून सोडतात. छातीचे उडण्याचे स्नायू पोसायला फार खावं लागतं. मागे लागायला मांजर-मुंगूस कोणी नसेल आणि चारा जमिनीवरच असेल, तर लहान पंखांचं पिल्लू काही गमावत नाही, उलट वाचवतं. पिढ्यान्‌पिढ्या हे साठत जातं.

पाणकोंबड्यांच्या कुळाला तर याची सवयच आहे. वारा त्यांना भलत्याच बेटावर नेतो आणि एकदा उतरल्या की त्या पंख आखडू लागतात. ट्रिस्टनजवळच्या इनॅक्सेसिबल बेटावरची पाणकोंबडी हा जगातला सगळ्यात लहान न उडणारा पक्षी. आणि सेशेल्समधल्या अल्डाब्रा या कंकणद्वीपाची गोष्ट तर विलक्षण आहे. मादागास्करकडून आलेली पाणकोंबडी तिथे स्थायिक झाली आणि उडेनाशी झाली. सुमारे 1 लाख 36 हजार वर्षांपूर्वी अख्खं कंकणद्वीप बुडालं, त्याबरोबर तीही. समुद्र उतरल्यावर त्याच मूळ जातीचे पक्षी पुन्हा आले आणि पुन्हा उडेनासे झाले. बुडण्याआधीची आणि नंतरची, दोन्ही वेळची हाडं सापडली आहेत. गॅलापागोसच्या पाणकावळ्याचंही असंच. अजून तो किनाऱ्यावर उभा राहून तोकडे पंख उन्हात वाळवत बसतो.

डोडो खरंच मूर्ख होता का?

मूर्ख म्हणणाऱ्यांनीच त्याला संपवला, तेव्हा साक्षीदार जरा पक्षपाती आहेत. डोडो म्हणजे मॉरिशसचं एक भलं मोठं, न उडणारं कबूतर. माणसाला घाबरायचं कारण त्याला लाखो वर्षांत पडलं नव्हतं. डच 1598 साली तिथे उतरले. शेवटची विश्वासार्ह नोंद 1662ची. मध्ये पासष्ट वर्षंही भरली नाहीत. खलाशांनी खाल्ले ते खाल्लेच, पण खरा घात केला त्यांच्या जहाजांतून उतरलेल्या उंदीर, डुक्कर आणि माकडांनी. डोडोचं घरटं जमिनीवर होतं आणि असं सांगतात की त्यात एकच अंडं असे.

आता आपल्या भागातली गोष्ट. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी 1628 ते 1634 या काळात भारतात होता. सुरतेच्या इंग्रजांच्या वखारीत दोन डोडो पाहिल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. जहांगिराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं समजलं जाणारं एक चित्रही आहे, साधारण 1625चं: मध्ये डोडो, भोवती आपले ओळखीचे पक्षी. जिवंत डोडोवरून काढलेल्या रंगीत चित्रांत ते सगळ्यात भरवशाचं मानतात. आज ते सेंट पीटर्सबर्गला आहे. म्हणजे बडोद्याहून गाडीने दोन-अडीच तासांवर, तापीकाठी, डोडो चालत होता. व्याख्यानात हे सांगितलं की मागच्या रांगेतला मोबाइल खाली जातो.

त्याचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईकही आपल्याच देशात आहे: निकोबारी कबूतर. हिरव्या-तांबूस चकाकीचं, मानेवर लांब पिसांची झूल असलेलं. ते मात्र उत्तम उडतं.

डार्विनला उत्क्रांती फिंच पक्ष्यांवरून सुचली ना?

शाळेच्या पुस्तकाएवढं सरळ नाही ते. 1835 साली गॅलापागोसवर त्याचं लक्ष गेलं ते मॉकिंगबर्डकडे: एका बेटावरचा दुसऱ्यावरच्यापेक्षा वेगळा. फिंच कुठल्या बेटावरचा कुठला, याच्या चिठ्ठ्याही त्याने नीट लावल्या नव्हत्या. ते सगळे एकाच घराण्यातले आहेत हे 1837 साली लंडनमध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने सांगितलं. फिंचचं खरं काम पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जोडप्याचं. 1973पासून ते डॅफ्नी मेजर या छोट्या बेटावर एकेक पक्षी मोजत राहिले. 1977च्या दुष्काळात लहान बिया संपल्या, टणक उरल्या. मोठ्या चोचीचे पक्षी जास्त जगले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी निघाली. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं आपण म्हणतो. इथे ती एका दुष्काळात फूटपट्टीने मोजली गेली.

बेटांवरचा तुमचा आवडता प्राणी कोणता?

गॅलापागोसचा समुद्री इग्वाना. समुद्रात बुडी मारून शेवाळ खातो आणि जादा मीठ नाकातून शिंकून टाकतो. एल निन्योच्या वर्षी शेवाळ आटलं की त्याच्या शरीराची लांबी चक्क कमी होते, काहींची 20 टक्क्यांपर्यंत. चांगले दिवस आले की परत वाढते. हाडं असलेल्या प्राण्यात हे ऐकलंय कधी?

या बेटांना सगळ्यात मोठा धोका कुणाचा? वाघ-सिंह तर नाहीत तिथे.

कमाटीबागेत बाकावर बसा आणि समोर बघा. साळुंकी, बुलबुल, खारीच्या मागे धावणारं मांजर, कुंपणाखालून सटकणारं मुंगूस, कुंडीतला वाळा साप. ही सगळी मंडळी तिकडे गुन्हेगारांच्या यादीत आहेत.

साळुंकी (आपली मुलं शाळेत जिला काबर म्हणतात) 1762 साली भारतातून मॉरिशसला नेली, उसावरचे टोळ खायला. 1865 साली हवाईला नेली, अळ्या खायला. टोळ-अळ्या तिने खाल्ल्या असतील, पण स्थानिक पक्ष्यांच्या ढोली बळकावल्या, अंडी फोडली. लालबुड्या बुलबुल फिजी, सामोआ, ताहितीत पोचला आणि आक्रमक झुडपांच्या बिया रानभर पेरत सुटला.

मुंगूसाची कथा शहाण्यांच्या मूर्खपणाची आहे. 1872 साली भारतातून काही मुंगूस जमेकाला नेले, उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला. तिथून त्यांची पिल्लावळ 1883 साली हवाईला. मुंगूस दिवसा फिरतं, उंदीर रात्री. दोघांची गाठ फारशी पडेना. मुंगूसाने मग जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांकडे मोर्चा वळवला. आपल्याकडे मुंगूस दिसणं शुभ. हवाईच्या नेने हंसाला विचारून बघा.

वाळा साप तर कुणाला कळायच्या आत पोचतो. गांडुळाएवढा, आंधळा, बिनविषारी, कुंड्यांच्या मातीत राहणारा. यात नर नसतोच. मादी एकटीच अंडी देते. त्यामुळे एका कुंडीत एक वाळा गेला तरी वसाहत सुरू. हवाईत मूळचा साप नव्हता, हा आता आहे. त्याने फार काही बिघडवलं नाही, पण एक कुंडी काय करू शकते ते यावरून कळावं.

सगळ्यात वाईट हाल पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तिथे तपकिरी झाडसाप पोचला. सापच न पाहिलेले पक्षी झाडावर निवांत झोपत. जंगलातल्या मूळच्या 12 पक्षिजातींपैकी 10 रानातून गेल्या. खाणारे पक्षी नाहीत म्हणून कोळी वाढले, पावसाळ्यात शेजारच्या बेटांच्या 40 पटीपर्यंत. बिया पसरवणारं कुणी नाही म्हणून जंगलच बदलू लागलं. सापाला मारायला तिथे पॅरासिटामॉल वापरतात. डोकेदुखीची गोळी, 80 मिलिग्रॅम, मेलेल्या उंदराला चिकटवायची आणि हेलिकॉप्टरमधून कागदी पट्टीने जंगलाच्या शेंड्यांवर लटकेल अशी टाकायची. साप खातो आणि मरतो.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. बागेत उपद्रव देणारी आफ्रिकी गोगलगाय भारतात 1847 साली मॉरिशसहूनच आली. तिला आवरायला पॅसिफिक बेटांवर शिकारी गोगलगाय सोडली, तर तिने ताहितीच्या पार्टुला गोगलगायींच्या कितीतरी जाती खाऊन संपवल्या. इलाजावर इलाज, आणि दरवेळी बिल भलत्याच्या नावावर.

उंदरांना विष घालून मारणं, हे पाप नाही का?

आमच्या गुजराती शेजाऱ्यांत जीवदया रक्तात आहे, पांजरापोळाला वर्गणी देणारी घरं आहेत. हा प्रश्न त्यांच्याकडून नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मेलेला उंदीर हा मेलेला जीवच.

माझं मत असं. ट्रिस्टनजवळच्या गॉफ बेटावर घरातले साधे उंदीर रात्री घरट्यात बसलेल्या अल्बट्रॉसच्या पिल्लाला जिवंत कुरतडतात. पिल्लू त्यांच्यापेक्षा शेकडो पटींनी जड, पण त्याला हा शत्रू ठाऊकच नाही, म्हणून ते जागचं हलत नाही. ते मरायला काही दिवस लागतात. तिथे हात बांधून बसणं ही दया आहे, असं मला वाटत नाही. गॉफवर 2021 साली विषाची मोहीम झाली, पण काही उंदीर उरले आणि सगळं पाण्यात गेलं. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर जमली. 2018 साली ते बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. गॅलापागोसवर लाखाहून अधिक जंगली झालेल्या बकऱ्या काढल्या. शेवटच्या लपलेल्या कळपांना शोधायला रेडिओ-पट्टा बांधलेली बकरी सोडायचे. ती आपल्या माणसांकडे, म्हणजे बकऱ्यांकडे जायची. हे वाचताना पोटात कालवतं, आणि कालवलं पाहिजे.

फायदा कुठवर पोचतो ते चागोसवर दिसलं, आपल्या हॉटस्पॉटच्याच रांगेत. 2018च्या अभ्यासात उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्षी 760 पट दाट आढळले. त्यांच्या विष्ठेतलं नत्र पावसाने समुद्रात उतरतं, त्यावर शेवाळ आणि मासे पोसतात. भोवतालच्या प्रवाळात माशांचं वजन जवळपास निम्म्याने जास्त भरलं. किनाऱ्यावरचा उंदीर पाण्यातला मासा कमी करतो, हे कुणाच्या डोक्यात आलं असतं?

गेलेली जात परत सापडते का कधी?

क्वचित. 1918 साली मकाम्बो नावाचं जहाज ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाउ बेटाला लागलं आणि त्यातून काळे उंदीर उतरले. तिथला तळहाताएवढा काळा काडीकिडा थोड्याच वर्षांत दिसेनासा झाला. तेवीस किलोमीटरवर बॉल्स पिरॅमिड नावाचा साडेपाचशे मीटर उंचीचा नुसता सुळका समुद्रातून उभा आहे. 2001 साली रात्री टॉर्च घेऊन वर चढलेल्यांना एका कपारीत, एकाच झुडपाखाली, 24 किडे सापडले. जगातले सगळे तेवढेच. दोन जोड्या खाली आणून त्यांची पैदास केली. मॉरिशसचा केस्ट्रेल, म्हणजे छोटा ससाणा, 1974 साली रानात चारच उरला होता. तोही अंडी उबवून, पिल्लं वाढवून वाचवला. डोडोच्या बेटावर हे घडलं, हे विशेष.

कासव अडीचशे वर्षं जगतं हे खरं का?

कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातलं अद्वैत हे अल्डाब्राचं कासव 2006 साली गेलं, तेव्हा त्याचं वय अडीचशे सांगितलं गेलं. ते क्लाइव्हचं होतं अशी आख्यायिका, पण कागद नाही. सेंट हेलेनाच्या जोनाथनचा कागद जरा बरा: 1882 साली तो तिथे आला तेव्हाच पूर्ण वाढलेला होता, म्हणून त्याचा जन्म 1832च्या आसपासचा धरतात. दीडशेच्या पुढे ही कासवं जातात, एवढं नक्की. जहाजांवर त्यांना महिनोन्‌महिने अन्नपाण्याशिवाय उलटं ठेवत, ताजं मांस म्हणून. हाच चिवटपणा त्यांच्या जिवावर उठला. अल्डाब्रावर आज सुमारे एक लाख कासवं आहेत.

निर्मनुष्य बेटांवर तरी प्लास्टिक नसेल?

पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावर कुणी राहत नाही. 2015 साली तिथे मोजणी करून अंदाज काढला, तो 3 कोटी 77 लाख तुकड्यांचा.

बडोद्यात राहून यातलं काय बघता येईल?

पावागड वर सांगितलाच. कमाटीबागेतल्या संग्रहालयात महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे; तो बेटाचा नव्हे, पण समुद्र केवढा असतो ते त्याच्या जबड्याजवळ उभं राहिलं की कळतं. मुलांना तिथून ओढत बाहेर काढावं लागतं.

खर्च करायची तयारी असेल तर मॉरिशस. किनाऱ्यावरचं रिसॉर्ट एक दिवस सोडा आणि इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर जा. तिथे गुलाबी कबुतरं आणि अल्डाब्राची कासवं जवळून दिसतात. गंगा तलावाला जालच, तर तो ज्वालामुखीच्या मुखात साठलेला तलाव आहे हे लक्षात ठेवा. मॉरिशसला कोकणातून गेलेल्या मराठी लोकांची वस्ती आहे, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. लक्षद्वीपला परवाना लागतो, तो आधी काढा. नारकोंडमवर पर्यटकांना सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मुलगा ऑकलंडला आहे. जाताना तुळशीचं रोप, मेथीचं बी, घरचा मध नेला तर चालेल का?

रोप आणि मध मुळीच नको. बी नेऊ नका, तिथे मिळतं. न्यूझीलंड काटेकोर अर्थाने महासागरी बेट नाही, बुडालेल्या खंडाचा वर उरलेला भाग आहे, पण वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी तिथेही नव्हता. तिथला काकापो हा न उडणारा पोपट अडीचशेच्या आसपास उरलाय. म्हणून विमानतळावर बॅग उघडतात. खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतात. न लिहिलेलं सापडलं तर जागच्या जागी 400 डॉलर दंड. ट्रेकिंगचे बूट नेणार असाल तर तळवे ब्रशने घासून, धुऊन, वाळवून न्या. शिवणीत अडकलेली पावागडची माती टूथपिकने काढावी लागते.